चिथावणीखोर कोणाला म्हणावे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



लोकमान्य टिळकांना त्यांच्या विरोधकांनी जी अनेक नावे ठेवली, त्यांपैकी एक नाव महाराष्ट्राने मोठ्या अभिमानाने जपून ठेवले आहे. ते म्हणजे ‘तेल्यातांबोळ्यांचे पुढारी’. आज शाळकरी मुलांच्या भाषणांतही ते बिरुद म्हणून येते. मुळात ते बिरुद नव्हते, तो टोमणा होता, याचा आता विसर पडला आहे. विद्वानांच्या आणि प्रतिष्ठितांच्या बैठकीत ज्याचे चालत नाही, तो बाजारपेठेतील अडाणी माणसे गोळा करतो, असा त्या टोमण्याचा आशय होता. टिळक काय बोलत होते, त्यांचे म्हणणे खरे होते की खोटे, याविषयी त्यात एक अक्षरही नाही. ते कोणापुढे बोलत होते, एवढ्यावरच त्यांचे मोल ठरविण्यात आले होते.

‘चिथावणीखोर’, ‘भडकावू’, ‘प्रक्षोभक’, ‘आगलावे’ या जातीच्या सर्व शब्दांचा स्वभाव या एका उदाहरणात स्पष्ट होतो. हे शब्द वक्त्यावर फेकले जातात. पण त्यांतील खरा तिरस्कार श्रोत्यांविषयीचा असतो. हा विषय वरवर पाहता भाषाशास्त्राचा वाटेल. प्रत्यक्षात तो कायद्याचा आहे, तुरुंगाचा आहे आणि लोकशाही समाजवादी पक्षाच्या भवितव्याचाही आहे. कारण माणसाला चिथावणीखोर ठरविले, की त्याने मांडलेल्या गाऱ्हाण्याला उत्तर देण्याची जबाबदारी संपते.

प्रथम आपले मराठी शब्दच पाहू. चळवळ म्हणजे मुळात हालचाल, वळवळ. घरात एका जागी न बसणाऱ्या मुलाला ‘चळवळ्या’ म्हणण्याची रीत होती. आंदोलन म्हणजे हेलकावा. म्हणजे जो स्वस्थ बसत नाही आणि दुसऱ्याला स्वस्थ बसू देत नाही तो चळवळ्या. या शब्दांना पुढे प्रतिष्ठा मिळाली, ती स्वातंत्र्यलढ्यातील माणसांनी भोगलेल्या कारावासामुळे. ‘पुढारी’ या शब्दाचा प्रवास नेमका उलटा झाला. जो पुढे होतो तो पुढारी, असा त्याचा सरळ अर्थ. पण स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांतच तो शब्द उच्चारताना माणसे ओठ वाकडे करू लागली. शब्दांना अब्रू मिळते ती माणसांच्या वर्तनातून, आणि जाते तीही तिथूनच.

दुसरा गट ‘फूस लावणे’ आणि ‘चिथावणे’ यांचा. फूस कोणाला लावतात? अजाण मुलाला. पोलीसदप्तरातही ‘फूस लावून पळवून नेले’ हा प्रयोग अल्पवयीनांच्या संदर्भात येतो. तोच शब्द जेव्हा संपावर गेलेल्या कामगाराविषयी किंवा मोर्च्यात आलेल्या शेतमजूर बाईविषयी वापरला जातो, तेव्हा त्या प्रौढ, मतदानाचा अधिकार असलेल्या माणसाला अज्ञान बालक ठरविण्यात येते. आपली मजुरी किती आणि बाजारात ज्वारीचा भाव काय, हे तिला दुसऱ्या कोणीतरी सांगितल्याशिवाय कळत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते.

तिसरा गट आगीचा: भडकावणे, पेटवणे, आग ओकणे, ठिणगी टाकणे. या साऱ्या रूपकात वक्ता म्हणजे काडी आणि लोक म्हणजे गवत. काडी कोणी ओढली याचा तपास तातडीने सुरू होतो. गवत इतके कोणी वाळवले, ते किती वर्षांत वाळले, हा प्रश्न रूपकात बसत नाही, म्हणून तो विचारलाच जात नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तोच प्रश्न पहिला वाटला पाहिजे.

याचा उत्तम दाखला महाराष्ट्रातच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेला आणि ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पोचले. ‘दंगा’ या एका शब्दात इतिहासाने त्याची नोंद केली. पण नेमलेल्या चौकशी आयोगापुढे जे आले, ते फार बोलके होते. जमाव मागत होता ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते हाती आले की जाळले जात. माणसांच्या जिवावर बेतण्याचे प्रकार विरळा होते. अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, त्याच काळात सारावाढ झाली, आणि न्यायालये सावकाराच्या रोख्यावर डोळे झाकून हुकूम देत राहिली. हे गवत दहा वर्षे वाळत होते. ज्याला झुंड म्हटले गेले, त्या जमावाला आपल्या दुःखाचे कागद कोणते आहेत हे नेमके कळत होते. सरकारलाही अखेर ते मान्य करावे लागले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. लोकशाही जिथे जन्मली त्या अथेन्समध्येच या शब्दांचाही जन्म झाला. ‘डेमागॉग’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ लोकांना नेणारा, म्हणजे अक्षरशः लोकनेता. त्याला शिवीचे रूप आले ते इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्या शिवीचा पहिला मोठा धनी क्लिऑन. त्याचे घराणे कातडी कमावण्याच्या धंद्यातले. न्यायसभेत बसणाऱ्या सामान्य नागरिकांचा भत्ता त्याने दोन ओबोलांवरून तीन केला. क्लिऑनचे जे चित्र आज उपलब्ध आहे ते मुख्यतः दोघांनी रंगविलेले आहे. एक नाटककार ॲरिस्टोफेनिस, ज्याच्यावर क्लिऑनने खटला भरण्याचा प्रयत्न केला होता. दुसरा इतिहासकार थ्युसिडिडीझ, जो सेनानी म्हणून अपयशी ठरल्यावर अथेन्समधून निर्वासित झाला होता. दोघेही थोर, पण या एका बाबतीत दोघेही निःपक्षपाती नव्हेत. ॲरिस्टोफेनिसने इ. स. पूर्व ४२४ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या नाटकात क्लिऑनच्या कातड्याच्या धंद्याची यथेच्छ टवाळी आहे. अथेन्समध्ये चामडे, पुण्यात तेल आणि पान. दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण टोमण्याचा साचा एकच. एम. आय. फिन्ली या इतिहासकाराने १९६२ साली दाखवून दिले, की जिथे निर्णय खुल्या सभेत होतात तिथे लोकांपुढे बोलणारा नेता हा व्यवस्थेचा आवश्यक घटक असतो. त्याला उपटून टाकायचे तर सभाच उपटून टाकावी लागेल.

इंग्रजीतील ‘ॲजिटेटर’ या शब्दाचा इतिहासही असाच आहे. १६४७ साली इंग्लंडच्या संसदीय सैन्यातील शिपायांनी आपापल्या पलटणीतून प्रतिनिधी निवडले, त्यांना हे नाव होते. सैनिकांचा पगार थकला होता आणि संसद तो न देताच सैन्य मोडू पाहत होती. थकलेल्या पगारापासून सुरू झालेली ही बोलणी त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पटनी येथील चर्चेत मताधिकार कोणाला असावा या प्रश्नापर्यंत गेली. निवडून दिलेल्या प्रतिनिधीचे नाव पुढे ‘माथी भडकविणारा’ या अर्थी रूढ झाले, यातच सत्तेला प्रतिनिधित्वाचे भय किती वाटते हे दिसते.

ब्रिटिशांनी हिंदुस्थानात या शब्दांना केवळ टोमणा ठेवले नाही, त्यांचा कायदा केला. दंडसंहितेत १८७० साली राजद्रोहाचे कलम १२४ अ दाखल झाले. १८९७ साली टिळकांवर त्याखाली पहिला खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीला सांगितला. सरकारवर प्रेम नसणे हाच गुन्हा! सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी ठरविले, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. १९०८ च्या खटल्यात ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील लेख पुराव्याला होते. लेख मराठीत, ज्यूरीतील सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी आपल्या प्रदीर्घ बचावात वारंवार हेच सांगितले, की सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दांना मुळात नसलेला दाह इंग्रजीत आणला आहे. सात विरुद्ध दोन अशा मतांनी शिक्षा झाली, सहा वर्षे काळ्या पाण्याची. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. ज्यांना या माणसाने भडकविले असे म्हटले जात होते, ते तो तुरुंगात गेल्यावर स्वतःच्या बुद्धीने उठले होते.

टिळकांनी स्वतः शब्दांचा हा खेळ ओळखला होता. १९०७ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितले, की ‘जहाल’ आणि ‘मवाळ’ ही नावे काळाशी बांधलेली आहेत. आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, आणि आजचे मवाळ एकेकाळी जहालच गणले जात होते. पण येथे समाजवादी कार्यकर्त्याने प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पुढे १९१७-१८ च्या सुमारास ब्राह्मणेतर समाज विधिमंडळात स्वतःचे प्रतिनिधित्व मागू लागला, तेव्हा कष्टकरी जातींनी विधिमंडळात जाऊन करायचे काय, असा सूर याच तेल्यातांबोळ्यांच्या पुढाऱ्याने लावला, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची आठवण पुढे आपल्या लेखनात करून दिली. श्रोता म्हणून तेली-तांबोळी चालतात. ते स्वतः वक्ते होऊ लागले की अवघड जाते. हा दोष एकट्या टिळकांचा नव्हे. तो प्रत्येक चळवळीत दबा धरून बसलेला असतो.

गिरण्यांच्या इतिहासात या शब्दकोशात एका नव्या विशेषणाची भर पडली: ‘बाहेरचा’. १९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. मजुरीतील कपात आणि माणसामागे यंत्रे वाढविणे ही त्याची कारणे लहान मुलालाही समजण्यासारखी होती. तरीही ‘कामगार समाधानी आहे, बाहेरचे लोक त्याला बिघडवतात’ हेच पालुपद चालू राहिले. १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी धरपकड झाली आणि त्याच वर्षी संपांवर बंधने घालणारा औद्योगिक कलहांचा कायदा आला. अमेरिकेतही १९६३ साली बर्मिंगहॅम शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांना ‘बाहेरचे’ म्हणूनच हिणविण्यात आले आणि तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांना त्याचे उत्तर द्यावे लागले. वस्तुतः १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनेच्या निम्म्यापर्यंत पदाधिकारी बाहेरचे असू शकतात हे मान्य केले होते. २००१ च्या दुरुस्तीने ती मर्यादा एकतृतीयांश किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तेथवर खाली आणली. कारखानदार मात्र बाहेरचा वकील, बाहेरचा सल्लागार, बाहेरचा हिशेबतपासनीस हवे तितके आणू शकतो. त्यांच्या संख्येला मर्यादा नाही आणि त्यांना ‘बाहेरचे’ हे विशेषणही लागत नाही.

ही केवळ परकीय सरकारची रीत होती असे मानून समाधान करून घेता येत नाही. मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना संपाच्या हक्कावर मर्यादा आणणारे औद्योगिक कलहांचे विधेयक आले, आणि त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कालचे ‘राजद्रोही’ खुर्चीवर बसताच संपकऱ्यांकडे कोणत्या नजरेने पाहू लागतात, याचा तो पहिला धडा होता. त्याहून मोठा धडा १९७५ साली मिळाला. २५ जून रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांनी पोलीस आणि लष्कर यांना बेकायदेशीर हुकूम न मानण्याचे आवाहन केले. दुसऱ्या दिवशी देशाला सांगण्यात आले, की सैन्याला बंडाची आणि पोलिसांना अवज्ञेची चिथावणी दिली जात आहे. जयप्रकाशांनी वापरलेला ‘बेकायदेशीर’ हा एक शब्द मधून गळला, आणि त्या गळलेल्या शब्दाच्या जागी एकवीस महिन्यांची आणीबाणी बसली.

अलीकडचे उदाहरण सर्वांच्या स्मरणात आहे. ८ फेब्रुवारी २०२१ रोजी राज्यसभेत पंतप्रधानांनी ‘आंदोलनजीवी’ हा शब्द वापरला. दोन दिवसांनी लोकसभेत ‘आंदोलनकारी’ वेगळे आणि ‘आंदोलनजीवी’ वेगळे, असा खुलासा झाला. म्हणजे शेतकरी भोळा आणि त्याच्यामागे कोणी धूर्त. दिल्लीच्या वेशीवर नोव्हेंबर २०२० पासून थंडीवाऱ्यात बसलेल्या माणसांना कृषी कायद्यांचे कोणते कलम नको आहे, हे नीट सांगता येत होते. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी तेच कायदे मागे घेण्याची घोषणा त्याच पंतप्रधानांनी केली. फूस लावलेल्या लोकांसाठी कोणी कायदे मागे घेत नाही.

अर्थकारणात हाच पक्षपात ‘लोकानुनय’ आणि ‘रेवडी’ या शब्दांतून येतो. २०२२ च्या जुलैत ‘रेवडी’ हा शब्द राजकीय चर्चेत गाजला. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील प्राप्तिकराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणण्यात आला आणि त्यामुळे वर्षाला सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल असा सरकारचाच अंदाज होता. त्याला ‘प्रोत्साहन’ म्हटले गेले. गरिबाला दिले की रेवडी, उद्योगपतीला दिले की चालना! ‘पॉप्युलिस्ट’ हा शब्द ज्या अमेरिकन शेतकऱ्यांच्या पक्षापासून आला, त्याने १८९२ साली ओमाहा येथे चढत्या दराचा प्राप्तिकर मागितला होता आणि सिनेटच्या थेट निवडणुकीलाही पाठिंबा दिला होता. तेव्हा त्यांची गणना माथेफिरूंत झाली. १९१३ साली संघराज्याला प्राप्तिकराचा अधिकार आणि सिनेटची थेट निवडणूक, या दोन्ही गोष्टी अमेरिकेच्या संविधानात आल्या. महाराष्ट्रातही १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीला ‘खड्डे खणण्याची चैन’ म्हणून हिणविणारे होतेच. १९७७ च्या अधिनियमाने मात्र त्या मागणीला हक्काचे रूप दिले.

मग चिथावणीखोर असा कोणी नसतोच काय? असतो, आणि तो फार घातक असतो. येथवरचे विवेचन ऐकून ‘आपल्याला नावे ठेवणारे सारे ढोंगी’ एवढाच निष्कर्ष जर कोणी काढला, तर तो या विषयाचा अर्धा भागच ऐकून उठला असे होईल.

पुन्हा एकदा क्लिऑनकडे वळू. इ. स. पूर्व ४२८ मध्ये मिटिलीनी या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि पुढच्या वर्षी ते मोडले गेले. संतापलेल्या सभेने क्लिऑनच्या प्रस्तावावरून ठराव केला, की तेथील सर्व प्रौढ पुरुष ठार मारावेत आणि बायकामुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघाले. रात्र गेली आणि दुसऱ्या दिवशी लोकांना आपल्या निर्णयाची शरम वाटू लागली. सभा पुन्हा भरली. क्लिऑनने फेरविचाराचीच निर्भर्त्सना केली. राग ताजा असतानाच शिक्षा करावी, फार विचार करणाऱ्यांनी राज्ये बुडतात, असा त्याचा युक्तिवाद होता. डायोडोटस नावाच्या माणसाने उलट सांगितले, की घाई आणि क्रोध हेच शहाण्या निर्णयाचे शत्रू होत. थोड्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरे जहाज जेमतेम वेळेवर पोचले. बंडाचे सूत्रधार मानलेल्यांना देहदंड झालाच, पण नगर वाचले. क्लिऑनला चामड्यावरून नावे ठेवणारे चुकले होते. तरीही त्या दिवशी तो खरोखर डेमागॉग होता. तो दोष त्याच्या धंद्याचा नव्हता आणि त्याच्या श्रोत्यांच्या गरिबीचाही नव्हता. कारण आदल्या दिवशी भडकलेले श्रोतेच दुसऱ्या दिवशी विचार करू शकले. लोक गवत नसतात याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

कसोटी येथेच सापडते. खऱ्या चिथावणीखोराला दुसरा दिवस नको असतो. निर्णय आज, आत्ता, याच मैदानावर हवा. प्रश्न विचारणारा फितूर. शंका घेणारा भेकड. तो लोकांच्या दुःखाकडे बोट दाखवितो आणि लगेच ते बोट शेजाऱ्याकडे वळवितो. महागाई, बेकारी, घराची टंचाई ही दुःखे खरी असतात. पण त्यांचे कारण म्हणून पगारपत्रक, भाडेकायदा, अंदाजपत्रक न दाखविता एखादी जमात, एखादी भाषा, एखादी वस्ती दाखविली जाते. खरा चळवळ्या दुसऱ्या दिवशी चाळीत येतो. काल काय मागितले, ते का मागितले, हरलो तर काय करायचे, याचा हिशेब तो देतो. त्याच्या भाषणानंतर श्रोत्याला स्वतःचे गाऱ्हाणे अधिक नेमकेपणाने मांडता येते आणि काही दिवसांनी त्या वक्त्यावाचूनही त्याचे चालू शकते.

राज्यसंस्थेने या दोघांत भेद केला असता, तर कायद्याला अर्थ राहिला असता. १९६२ साली केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सरकारवरील कठोर टीका राजद्रोह नव्हे. हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्याचा हेतू वा कल असला तरच गुन्हा होतो. प्रत्यक्षात सरकारवर टीका करणाऱ्यांवर खटले होत राहिले, आणि वस्त्या पेटविणारे मोकळे राहिले. १९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलींत सुमारे ९०० माणसे मेली. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली दिलेल्या अहवालात प्रक्षोभक लेखन आणि भाषणे यांची नावानिशी नोंद केली. तत्कालीन राज्य सरकारने ते निष्कर्ष स्वीकारले नाहीत. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, पण कलम १५२ मध्ये देशाच्या सार्वभौमत्वास आणि ऐक्यास धोका आणणाऱ्या कृतींविषयीची तरतूद आली, आणि तिची शब्दयोजना पुरेशी सैल आहे. शब्द बदलला; शब्द लावण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हा प्रश्न तसाच राहिला.

आता स्वतःच्या घराकडे पाहू. निवडणुकीत हार झाली, की पुरोगामी वर्तुळांत काय ऐकू येते? ‘लोक भुलले’, ‘लोकांना फूस लावली’, ‘झुंडीपुढे विवेक चालत नाही’. वाक्ये नीट ऐकावीत. गिरणीमालकाने १९२८ साली कामगाराविषयी हीच वाक्ये उच्चारली होती. विरोधकामागे गेलेला माणूस तेवढा गवत आणि आपल्यामागे आलेला तेवढा जागृत नागरिक, असे मानणारा पक्ष समाजवादी राहू शकत नाही. जो म्हणतो ‘लोक फसले’, तो पुन्हा त्यांच्या दारात जाऊन ‘तुम्ही तिकडे का गेलात?’ असे विचारीत नाही. आणि तो प्रश्न न विचारल्यामुळेच पुढची निवडणूकही जाते.

मुंबईच्या १९८२ च्या संपाचे उदाहरण अनेकांना अजून टोचते. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. डाव्या आणि समाजवादी संघटनांतही त्यांना ‘बेफाम’, ‘दुःसाहसी’ म्हणणारे पुष्कळ होते. त्यांच्या व्यूहरचनेवर टीका करण्यास भरपूर जागा होती. माघारीची वाट न ठेवता एवढी मोठी फौज रणात उतरविली, हा आक्षेप आजही खोडून काढणे कठीण आहे. दुसऱ्या दिवसाचा प्रश्न त्यांनाही विचारलाच पाहिजे. पण ‘कामगारांना भडकविले’ हे म्हणणे मात्र खोटे होते, कारण कामगार आपण होऊन त्यांच्याकडे गेले होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता देऊन बाकीच्यांची दारे बंद केली होती, आणि ती मान्यताप्राप्त संघटना कामगारांच्या मनातून उतरली होती. गवत तिथे वाळले होते. ज्यांनी सामंतांना एक शब्द चिकटवून प्रश्न मिटविला, त्यांनी या कायद्याविरुद्ध कामगारांना संघटित करण्याची आपलीच जबाबदारी टाळली. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या गेल्या, गिरणगाव गेले, आणि त्या जमिनीवर आज उभ्या असलेल्या मनोऱ्यांना कोणी ‘बाहेरचे’ म्हणत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी एक साधी शिस्त अंगी बाणवावी. एखाद्याला चिथावणीखोर म्हणण्यापूर्वी त्याने नेमके काय म्हटले ते लिहून काढावे. ते लिहिता आले नाही तर तो शब्द वापरू नये. त्याचे श्रोते कोणत्या दुःखाने तिथे आले ते त्यांना प्रत्यक्ष विचारावे. त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखविले असेल, तर तसे नाव घेऊन, निर्भयपणे आणि पहिल्याच दिवशी सांगावे. तिथे मौन पाळणे हा सभ्यपणा नव्हे. ज्याने सत्तेकडे बोट दाखविले, त्याच्याशी मतभेद असले तरी त्याच्यावर हा शिक्का मारण्याच्या कामी सरकारला मदत करू नये. आणि स्वतःच्या व्यासपीठावर टाळ्या घेणारा वक्ता दुसऱ्या दिवशी चाळीत, पाड्यावर, बांधावर जातो की नाही, याची चौकशी इतरांच्या आधी आपल्या पक्षाने करावी.

कायद्याच्या भाषेत पाच माणसे गैर उद्देशाने जमली की बेकायदा जमाव होतो. तीच पाच माणसे मंत्र्याच्या दालनात बसली की शिष्टमंडळ होते. आपल्याला ‘जमाव’ म्हणावे की ‘शिष्टमंडळ’, हे ठरविण्याचा अधिकार त्या पाचांकडे नसतो. समाजवादी चळवळ सुरू झाली, ती हा अधिकार त्यांच्या हाती यावा म्हणून. निदान आपल्या तोंडून तरी तो त्यांच्यापासून हिरावला जाऊ नये.